पाचशे किलोचा प्रवासी

जहाज बनवायला काय लागतं? लोखंड? समुद्र? छे हो! एक लॅपटॉप, एक कप चहा आणि माझ्यासारखी हुशार बाई! झालं जहाज!

हसू नका. मी खरोखरच जहाजांची इंजिनिअर आहे. जहाज प्रत्यक्ष बांधणारे लोक वेगळे, ते बिचारे उन्हात घाम गाळतात. आमचं काम त्याच्या फार आधीचं. जहाज अजून मालकाच्या डोक्यात असतं, त्यालाही ते नीट दिसत नसतं, तेव्हा आम्ही ठरवतो की ते किती लांब, किती रुंद, इंजिन कुठे, माणसं कुठे. या टप्प्यावर कुणालाच काही नक्की ठाऊक नसतं आणि सगळे रोज मत बदलतात. लग्नाच्या बोलणीसारखं असतं ते. आधी म्हणायचं साधंच करू, आणि संध्याकाळपर्यंत घोडा, बँड, बाराशे पानं!

पूर्वी एकेक रेघ काढत बसायचे. मालक म्हणाला, "जरा रुंद करा," की सगळे कागद केराच्या टोपलीत! आम्ही रेघा काढतच नाही. आम्ही कॉम्प्युटरला सांगतो, ही भिंत, हा डेक, हा दरवाजा, हा प्रवासी. याला म्हणायचं फीचर. भिंत म्हणजे काय ते कॉम्प्युटरला पक्कं ठाऊक असतं. खालच्या डेकवर उभं राहायचं आणि वरच्याला टेकायचं, हा तिचा धर्म. वरचा डेक उचलला की भिंत आपोआप उंच होते. प्रवासी वाढवले की खुर्च्या वाढतात, खुर्च्या वाढल्या की बोट वाढते, बोट वाढली की इंजिन वाढतं. एकाला हात लावा, सगळं कुटुंब उठून उभं राहतं!

हे शेवटचं वाक्य मी भेटेल त्याला छाती फुगवून सांगत असे. आता कुणी विचारलंच, तर सांगते. हळू आवाजात.

तर, मी प्रियदर्शिनी. माहेर महाडचं, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीतलं. नवरा सूरज महाडच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून आमची खोली बिरवाडीत. ऑफिस बेलापूरला, पण आमच्या मुरारी सरांनी मला घरून काम करायची परवानगी दिलेली. परवानगी देताना चेहरा मात्र असा केला होता, की स्वतःची किडनी काढून देत आहेत. "एक चूक झाली, प्रियदर्शिनी, तर दुसऱ्या दिवशी इथे, माझ्या समोरच्या खुर्चीत!" ती खुर्ची एसीच्या बरोब्बर खाली आहे. तिथे बसणाऱ्याला मे महिन्यात सर्दी होते.

शिमग्याला आम्ही सासरी गेलो. सासर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. सण झाला, सूरज शिफ्टला खाली उतरला, आणि मी चार दिवस मागे राहिले. तेवढ्यात सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, विषय काढला.

"सूनबाय, गोठा नवा घालायचा हाय. जुना पावसात बसला. तेवढा नकाशा काढून दे की."

"गोठ्याला नकाशा?" मी विचारलं.

"गोमाजी मागतोय."

गोमाजी हा वाडीतला गवंडी. दोन वर्षं मुंबईत टॉवरच्या कामावर राहून आला होता, आणि तेव्हापासून 'ड्रॉइंग'शिवाय तो साधी चूलही घालत नसे. मागच्या महिन्यात एकीनं तुळशीवृंदावन बांधायला बोलावलं, तर हा विचारतो, "ड्रॉइंग अप्रूव्ह हाय का?"

सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं म्हशी काय कागदावर बांधल्या व्हत्या?"

"तू गप गो, अंबू," अण्णा म्हणाले. "सून एवढी शिकलेली हाय. अख्खं जहाज काढते. गोठा म्हंजे काय, तिच्या डाव्या हातचा मळ!"

आता सांगा, अशा वेळी एखादी शहाणी बाई काय म्हणेल? "अण्णा, माझ्याकडे जहाजांचं सॉफ्टवेअर आहे, गोठ्याचं नाही," असं म्हणेल. मी म्हणाले, "दहा मिनिटं द्या!"

नेटवर्क आमच्या वाडीत एकाच जागी येतं, मोडक्या गोठ्याच्या मागच्या ओट्यावर. तिथे मी लॅपटॉप उघडला. अण्णा शेजारी पोतं अंथरून बसले. समोर चंद्री म्हैस बांधलेली. ती रवंथ करत माझ्याकडे असं बघत होती, जणू तिनंच मला कामावर ठेवलंय.

जुन्या जोत्याची मापं अण्णांना तोंडपाठ होती. बाहेरच्या भिंती मी त्या मापांवर घट्ट बसवल्या, म्हणजे कॉम्प्युटरला त्या हलवायची बंदी.

"अण्णा, म्हशी किती?"

"आता सहा हायत. पुढं वाढतील. मावतील तेवढ्या धर."

तसंच सांगितलं. मावतील तेवढ्या भर! पण भरायचं काय? माझ्या कॉम्प्युटरला म्हैस ठाऊक नाही. त्याला जहाजात चढणारा एकच प्राणी ठाऊक, 'प्रवासी'. ऑफिसच्या सामायिक लायब्ररीत हा प्रवासी तयार ठेवलेला असतो, आणि आमच्या सगळ्या बोटी त्यालाच वापरतात. म्हटलं, याचीच म्हैस करू. नवी नक्कल काढायला हवी होती, कळतंय मला! पण अण्णा बघत होते, दहा मिनिटांतली सात गेली होती, आणि नक्कल काढायला पासवर्ड लागतो.

"अण्णा, चंद्रीचं वजन किती असेल?"

"पाचशे धर," अण्णा कुजबुजले. "आनि मोठ्यानं बोलू नको. नजर लागंल."

प्रवाशाचं वजन केलं पाचशे किलो. सीट काढली, उभं राहायची जागा केली. समोरच्या टेबलाची गव्हाण केली. मागच्या बाजूला शेणामुताची नाली दिली. कॉम्प्युटर लगेच बोंबलला. 'प्रवाशांसाठी जीवरक्षक जॅकेट नाहीत!' मी 'बरं' वर बोट ठेवलं, तर त्यानं प्रत्येक म्हशीला तिच्या मापाचं नारिंगी जॅकेट बहाल केलं!

अण्णांनी चष्मा सावरला. "ह्ये गोधडीवानी काय गो?"

"ते... थंडीसाठी."

"बरं केलंस. पुसात लय गारठतात."

पुन्हा बोंब. 'संकटकाळी बाहेर पडायला दुसरी वाट नाही!' दिला दुसरा दरवाजा. अण्णा खूश. "ब्येस! बिबट्या एका अंगानं आला, तर म्हशी दुसऱ्या अंगानं सुटतील!" खिडक्या गोलच मिळाल्या, कारण लायब्ररीत तेवढ्याच होत्या. आणि गोठ्याचं पुढचं टोक काही केल्या चपटं होईना. बोट पाणी कापते ना, म्हणून पुढून निमुळती! मी खटपट करायला लागले, तर अण्णाच म्हणाले, "टोक ऱ्हाऊ दे. वारं फाटंल त्येच्यावर."

शेवटी कॉम्प्युटरनं विचारलं, 'हा बदल सगळीकडे लागू करायचा का?'

फोनमधलं एखादं ॲप काहीबाही विचारतं, तेव्हा आपण वाचतो का? नाही ना? मीही नाही वाचलं. हो, हो, आणि हो!

नकाशाची लिंक अण्णांच्या फोनवर टाकली. "अण्णा, कागद मळतो, फाटतो. ही लिंक कधी उघडा, नकाशा ताजाच दिसणार!"

"ताजा?"

"एकदम ताजा!"

अण्णा तो फोन हातात धरून वाडीभर फिरले. गोमाजीनं दोन बोटांनी चित्र मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं, आणि म्हणाला, "हां. हे ड्रॉइंग झालं!" सासूबाईंनी त्या दिवशी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरारी सरांचा मोठा कॉल होता. गिऱ्हाईक होते कोंडाजी शेठ, खाडीत फेरीबोटी चालवणारे. त्यांना नवी प्रवासी बोट हवी होती, आणि आमचं काम त्यांना आवडलं तरच ते आम्हाला मिळणार होतं. सरांनी तीन आठवडे त्यांची मनधरणी केली होती. मी ओट्यावर बसले. वर नवा टॉप, खाली घरातली सलवार, आणि मागे चंद्री. कॅमेरा असा लावला की चंद्री दिसू नये. अधूनमधून शेपटी दिसे, ती मी पडदा म्हणून खपवणार होते.

"शेठ," मुरारी सर मधाळ आवाजात म्हणाले, "आमची पद्धत बघा! तुम्ही सांगाल तो बदल, तुमच्या डोळ्यांदेखत! सांगा, काहीही सांगा!"

कोंडाजी शेठ गालात पान सरकवत म्हणाले, "धा पाशिंजर वाढवा."

"फक्त दहा? प्रियदर्शिनी, दाखव!"

मी दहा वाढवले. बटण दाबलं.

बोट एक क्षण थांबली. मग तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली! लांब झाली, रुंद झाली, पडद्याच्या डावीकडून बाहेर गेली, उजवीकडूनही गेली. इंजिनाची खोली वाढत वाढत आमच्या बिरवाडीच्या खोलीच्या चौपट झाली. तळाशी लाल सूचनांची रांगच लागली.

"व्हॉट इज हॅपनिंग?" सरांचा मध संपला.

"बाय माझे," कोंडाजी शेठ म्हणाले, "ही बोट खाडीत घालू, की खाडी बोटीत घालू?"

लागू करायचा का, सगळीकडे... हो, हो, आणि हो! अरे देवा! बोटीतला प्रत्येक माणूस म्हैस झाला होता!

"शेठ, हे... आत जाऊन बघू," सर घाईघाईनं म्हणाले. "आतली बैठक फार सुंदर आहे. प्रियदर्शिनी, आत घे!"

नको, नको, असं मी मनात ओरडत आत घेतलं. आत खुर्ची एक नाही! ओळीनं गव्हाणी. प्रत्येक गव्हाणीवर लटकलेलं तंबूएवढं नारिंगी जॅकेट.

शेठ पडद्याला नाक लावून बघत होते. "ह्ये पुढं काय हाय?"

"खायचं ठेवायला," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"आनि मागं ती नाली कसली?"

"सांडपाण्याची."

"प्रत्येक पाशिंजरच्या मागं?"

"काहींना बोट लागते ना, शेठ... उलटी वगैरे..."

"उलटी मागून करतात?"

मुरारी सरांना ठसका लागला. सावरून त्यांनी सूचनांपैकी एक वाचली, आणि त्यांचा आवाज चढला. "प्रवाशाचं वजन पाचशे किलो? प्रियदर्शिनी!"

"सर, हल्ली लोक फार बाहेरचं खातात..."

एवढ्यात मागून सासूबाईंची आरोळी आली, "सूनबाय! अगो, म्हस बघ म्हस! तुज्या वायरीवर पाय देतेय!"

मी वायर ओढली, लॅपटॉप फिरला, आणि पडदाभर चंद्री! डोळे, शिंगं आणि रवंथ. तिला बाजूला करायला अण्णा धावले. पडद्यावर माणसं दिसली आणि त्यांच्यामागे गव्हाणी. अण्णांना वाटलं, ऑफिसचे साहेब लोक आपला गोठाच तपासतायत! त्यांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"राम राम साहेब! कसं वाटलं आमचं काम?"

"आपण कोण?" सरांनी विचारलं.

"मी रायबा. मालक!"

"मालक? कसले मालक?"

"म्हशींचा! सहा हायत. वाढवायच्या हायत. सूनबायनं मावतील तेवढ्यांची सोय केलीय."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी पांढरा, मग तांबडा. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला लख्ख दिसत होतं. ही बया ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये, चोरून दुसऱ्या मालकासाठी गुरं नेणारं जहाज काढतेय!

"सर, तसं नाहीये..." मी सुरुवात केली.

"तू गप्प बस! काका, या म्हशी पाठवता कुठे? आखातात?"

अण्णांना आखात कळलं नाही. ते म्हणाले, "पाठवनार कुठं? सकाळी जातात, सांजच्याला परत."

"रोज? जाऊन येऊन?"

"तर काय! मदी दुपारची पान्यात बसतात."

"पाण्यात बसतात?" सर खुर्चीतून उठलेच. "पाण्यात म्हणजे? बोट बुडते?"

"बोट?" आता अण्णाही गोंधळले.

तिसऱ्या चौकटीत कोंडाजी शेठांनी टेबलावर हात आपटला. "थांबा! आमच्या खाडीत म्हशींची रोजची फेरी कोन चालू करतोय? लायसन माझं हाय! मुरारी सायब, मला अंधारात ठेवून तुम्ही दुसऱ्याला बोट देता?"

"शेठ, आईशप्पथ, मला काही माहीत नाही!"

"अहो, मालक तुमच्या समोर हात जोडून हुभा हाय!"

"मी तर डोंगरावर ऱ्हातो," अण्णा नम्रपणे म्हणाले.

"डोंगरावरून येऊन आमच्या पोटावर पाय देतोस?" शेठ गरजले.

तिघं एकदम बोलायला लागले. चंद्रीनंही तेवढ्यात एक लांबलचक हंबरडा फोडला. या गदारोळात मी डोकं खाली घातलं, लायब्ररी उघडली, 'प्रवासी' शोधला आणि सगळं पूर्ववत केलं. वजन पंच्याहत्तर किलो. गव्हाण गेली, टेबल आलं. नाली गेली, खुर्ची आली, खुर्चीला दोन्ही बाजूंनी हात आले. 'हा बदल सगळीकडे लागू करायचा का?' हो, बाबा, हो! सगळीकडे! ताबडतोब!

फुसकन हवा जावी तशी बोट आक्रसली. पडद्यावर नेटकी, गोंडस फेरीबोट उभी राहिली. खुर्च्यांच्या ओळी, मधून वाट.

भांडण सोडून तिघं पडद्याकडे वळले.

"हे बघा, शेठ," मी श्वास घेऊन म्हणाले. "आमच्या सॉफ्टवेअरची ताकद दाखवायची होती. म्हशी भरल्या तरी बोट स्वतःला सावरते, आणि माणसं भरली की पुन्हा माणसांची होते. दोन मिनिटांत! आणि हे माझे सासरे आहेत. त्यांना बोट नकोय. त्यांना फक्त गोठा हवाय."

कोंडाजी शेठांनी पान गिळलं. मग हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बाय, तू लय डांबरट हायस! करा म्हनावं माझं काम!"

काम मिळालं! मुरारी सरांनी शेठना नमस्कार केला, शेठ गेले, आणि सर माझ्याकडे वळले.

"प्रियदर्शिनी."

"सर."

"उद्या. माझ्या समोरच्या खुर्चीत."

अशी मी सहा आठवडे बेलापूरला मावसबहिणीकडे राहिले. एसीखाली बसून शिंकत कोंडाजी शेठांच्या बोटीचं काम करत होते. सूरज रविवारी यायचा आणि माझ्यासाठी वाफाऱ्याचं औषध आणायचा. इकडे वाडीवर गोमाजीनं कामाला हात घातला. अण्णांचे फोन यायचे, पण ओट्यावर आता वाळू-सिमेंट पडलं होतं. त्यामुळे ते कुठून तरी आडबाजूनं बोलायचे आणि निम्मे शब्द डोंगरातच राहायचे.

"सूनबाय... गोमाजी इचारतोय... लय जवळ जवळ... बरोबर हाय ना?"

काय जवळ जवळ? खांब असतील, म्हटलं. "अण्णा, नकाशात आहे ते बरोबर आहे! गोमाजींना सांगा, लिंक उघडून बघा आणि तसंच करा!"

पुढच्या आठवड्यात पुन्हा. "...हात ठेवायला... दोन्ही अंगाला... सिमेटचं करू का?"

कुणाला हात ठेवायला? मला वाटलं, दूध काढताना टेकायला काहीतरी हवं असेल. "करा ना, अण्णा! छान होईल!"

"तुजी आय... म्हंजे सासू... नाय म्हनतेय... म्हस कशी..."

"आईंना सांगा, कॉम्प्युटर कधी चुकत नाही!"

हे वाक्य मी बोलले. मीच! सासूबाईंना! त्या वेळी समोर मुरारी सर बसले होते, त्यामुळे आवाजात एक वेगळाच रुबाब होता.

गोठ्याची पूजा ठरली, तेव्हा मी आणि सूरज मोटरसायकलवरून वर गेलो. वळण ओलांडलं आणि सूरजनं गाडीच थांबवली.

"हे काय बांधलंय अण्णांनी?"

डोंगराच्या सोंडेवर, खाली सगळं पोलादपूर पसरलेलं, आणि वर दिमाखात उभी एक बोट! निमुळतं टोक दरीकडे, दोन्ही बाजूंना गोल खिडक्या. मी मनात म्हटलं, बाहेरून तर सुरेख जमलंय! आणि आत पाऊल टाकलं.

आत मधोमध वाट. वाटेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटच्या बैठका, दोन-दोनच्या ओळीनं, थेट मागच्या भिंतीपर्यंत. प्रत्येक बैठकीला पाठ. प्रत्येक बैठकीला दोन्ही बाजूंनी हात, वर घोटून गुळगुळीत केलेले. पुढे एक छोटं टेबल.

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. सगळीकडे लागू! बोटीतल्या म्हशींची मी माणसं केली, त्याच क्षणी गोठ्यातल्यांचीही झाली होती! बाहेरच्या भिंतींना मी हलायची बंदी घातलेली. म्हशी गेल्या, जागा मोकळी पडली, आणि 'मावतील तेवढे भर' हा हुकूम कॉम्प्युटरनं इमानेइतबारे पाळला. माणसं भरली. आणि अण्णांच्या फोनवर नकाशा कसा? एकदम ताजा!

गोमाजी छाती काढून उभा होता. "वैनी, बघून घ्या! ड्रॉइंगपरमानं! एक सूत इकडंतिकडं नाय!"

"गोमाजी, अहो, म्हशी कुठे उभ्या राहणार?"

"ते ड्रॉइंगवाल्यानं बघायचं. मी एक्झिक्यूशनवाला."

पूजा झाली, आणि रिवाजाप्रमाणे पहिली म्हैस आत न्यायची होती. चंद्रीला हळदकुंकू लावून आणलं. तिनं पहिल्या बैठकीत तोंड घातलं, एक शिंग आत गेलं, दुसरं बाहेर राहिलं. मान फिरवली, तर दोन सिमेंटच्या हातांमध्ये अडकली! सूरजनं शेपटीकडून ओढलं, गोमाजीनं शिंगाकडून ढकललं, आणि चंद्रीनं वैतागून एका झटक्यात त्यातला एक हात मुळापासून उपटला व तो शिंगात घेऊनच दुसऱ्या दरवाजानं पळाली. संकटकाळची वाट! तेवढी एक गोष्ट ठरल्याप्रमाणे चालली.

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. वाडीभर फोन नाचवला होता त्यांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा," मी म्हणाले, "चूक माझी आहे. गोमाजींची नाही, कॉम्प्युटरचीही नाही. मी न वाचता हो म्हटलं."

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला.

"जरा सरका!"

त्या आत शिरल्या. गोल खिडकीजवळची एक जागा निवडली, पदरानं पुसली आणि बसल्या. पाठ टेकली. दोन्ही हात दोन्ही बाजूंना ठेवले. खिडकीतून खाली दरी बघितली.

"अगो बाय," त्या म्हणाल्या, "माज्या कमरंला इतकं बरं कवा वाटलंच नाय!"

मग काय! पूजेला आलेल्या बायका भराभरा आत घुसल्या. खिडकीसाठी दोघींची बाचाबाची झाली. म्हातारे पुढच्या ओळीत बसले, पोरं मागे. कुणीतरी ओरडलं, "कंडक्टर, पोलादपूर एक!" अख्खा गोठा हसला. आणि अण्णा? ते हळूच पुढे गेले, त्या निमुळत्या टोकात एकटी बैठक होती तिच्यावर बसले, आणि समोरच्या दरीकडे असे बघू लागले, जणू गाडी त्यांच्याच हातात आहे.

"सूनबाय," ते न वळता म्हणाले, "वारं खरंच फाटतंय गो."

मागच्या निम्म्या बैठका गोमाजीनं आठवडाभर फोडल्या. प्रत्येक घावाला माझ्याकडे बघून. आता मागे म्हशी उभ्या राहतात आणि पुढे माणसं बसतात. ग्रामपंचायतीची बैठक तिथेच, भजन तिथेच. उन्हाळ्यात मुंबईची मंडळी आली की फोटो काढायला रांग. चंद्रीला मात्र अजून ती जागा आवडत नाही. ती आत जाते, पण उपकार केल्यासारखी.

कोंडाजी शेठांच्या बोटीचं काय झालं, विचाराल. शेठांच्या थोरल्या मुलानं मध्येच हॉटेल काढायचं ठरवलं, आणि बोट राहिली कॉम्प्युटरातच. आमच्या पहिल्या टप्प्यातल्या बऱ्याच जहाजांचं असंच होतं. कुणाचं विमा अडवतो, कुणाचं बँक, कुणाचं थोरला मुलगा.

परवा वर्षअखेरीला मुरारी सरांनी सगळ्यांना एकेक करून बोलावलं. माझी पाळी आली. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "प्रियदर्शिनी, इतकी डिझाइन्स केलीस. त्यातलं प्रत्यक्ष बांधून पूर्ण झालेलं एक तरी आहे?"

"आहे ना, सर! एक आहे!"

सर चक्क हसले. "अरे वा! काम कसं आहे?"

"भक्कम! सिमेंटचं."

"सिमेंटचं?" त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. "कुठल्या बंदरात उभं आहे?"

मी खुर्चीत जरा सरकून बसले. एसी नेमका डोक्यावरच होता.

"बंदरात नाही, सर... पोलादपूरच्या वर. अजून पाण्यात उतरवायचं राहिलंय."